जक्कयाने स्वतःला लावून घेतलेले कलम

जक्कयाची गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक मुलांना अर्धीच सांगतो. यरीहो गावचा बुटका जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला, येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याकडे उतरणार आहे म्हणाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले झाड रंगवतात, झाडावर एक माणूस बसवतात आणि गोष्ट संपते. लूकच्या शुभवर्तमानात मात्र ती तिथे संपत नाही. 19व्या अध्यायात जक्कय उभा राहतो आणि सगळ्यांसमोर आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत. आकड्याचे चित्र काढणे अवघड आहे, हे मान्य. पण मोठ्यांच्या प्रवचनांतही झाड राहते आणि आकडा गळतो. चर्चच्या आजच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ मला त्या गळलेल्या आकड्यात दिसते.

चौपटच का? मोशेच्या नियमशास्त्रात याला सोपी वाट होती. ज्याने दुसऱ्याला लुबाडले आणि नंतर ते कबूल केले, त्याने मुद्दल द्यावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा, असे लेवीय आणि गणना ही दोन्ही पुस्तके सांगतात. शंभराचे एकशे वीस दिले की सुटका. चौपटीचा नियम आहे निर्गमच्या 22व्या अध्यायात, आणि तो वेगळ्या गुन्ह्याचा आहे: मेंढरू चोरून कापले किंवा विकून टाकले तर एकाला चार. जक्कयाला कोणी पकडले नव्हते. तो आपणहून बोलत होता, म्हणजे सवलतीचे कलम त्याला लागू होते. शिवाय रोमी सत्तेच्या लेखी तो चोर नव्हताच. जकातीचा मक्ता ही तेव्हाची राजमान्य पद्धत होती आणि ‘जे चालत आले आहे तेच मी केले’ असे म्हणायची त्याला पूर्ण सोय होती. त्याने ती सोय नाकारली आणि मेंढरे चोरणाऱ्याचे कलम स्वतःला लावून घेतले.

कोणी म्हणेल की ‘घेतले असेल तर’ या शब्दांत पळवाट आहेच. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य आपण पुढाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की ‘असेल तर’ कानावर आले की आपण सावध होतो. फरक त्या शब्दांच्या पुढे आहे. पुढाऱ्याच्या ‘तर’नंतर दिलगिरी येते आणि विषय मिटतो. जक्कयाच्या ‘तर’नंतर दर येतो, आणि दर जाहीर केल्यावर यरीहोतला कोणीही त्याच्या दारात उभा राहून हिशेब मागू शकतो. किती द्यायचे हे आता त्याच्या मनावर राहिलेले नाही. शास्त्रातली नम्रता मला इथे दिसते. आपल्या अपराधाचे माप त्याने आपल्या हातातून सोडले.

लूकची मांडणी पाहण्यासारखी आहे. याच्या आधीच्याच अध्यायात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदाराचा दाखला आहे. परूशी आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहत नाही, ऊर बडवतो, ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. त्याने कोणाला काही परत केल्याचा उल्लेख नाही. नम्रतेवरची आमची बहुतेक प्रवचने या दाखल्यावर उभी आहेत, कारण त्यात खर्च नाही. पण लूकने त्याला एकटे सोडलेले नाही. थोड्याच ओळींनंतर त्याने दुसरा जकातदार उभा केला, तोही नुसता जकातदार नव्हे, मुख्य जकातदार आणि श्रीमंत. पहिल्याची प्रार्थना वाचताना दुसऱ्याचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा, असा लेखकाचा हेतू असावा असे मला वाटते. बाप्तिस्मा करणारा योहानही लूकच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगतो. पश्चात्तापाला शोभतील अशी फळे द्या म्हटल्यावर लोक विचारतात, म्हणजे आम्ही काय करावे? योहान प्रार्थना शिकवत बसत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी लोकांना धमकावून पैसे उकळू नयेत.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे पापनिवेदनाच्या रांगा लागतात. माणूस गुडघे टेकतो, सांगतो, फादर प्रायश्चित्त म्हणून दोन-तीन प्रार्थना नेमून देतात, माणूस हलका होऊन बाहेर येतो. या हलके होण्याची मी चेष्टा करत नाही. ज्याने ते अनुभवले आहे त्याला त्याची किंमत ठाऊक असते. पण कॅथलिक चर्चचा 1992चा धर्मशिक्षण ग्रंथ 1459व्या कलमात याहून पुष्कळ मागतो. पापक्षमेने पाप जाते, पापाने केलेली मोडतोड जात नाही, म्हणून चोरलेले परत करावे, बदनामी केली असेल त्याची अब्रू भरून द्यावी, इजा केली असेल तर भरपाई करावी. हे नियम लिहिलेले आहेत, छापलेले आहेत. कबुलीच्या जाळीआड ते सहसा पोहोचत नाहीत, कारण तिथे ज्याचे नुकसान झाले तो हजर नसतो.

वसईतले उदाहरण घेतो, कारण ते वसईपुरते नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाड्या गेल्या, इमारती आल्या, गुंठ्याचे भाव आकाशाला भिडले. ख्रिस्ती माणसाच्या वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. दोघांना सारखा वाटा. तरीही सातबाऱ्यावर भावांची नावे राहतात आणि बहिणींची नावे हक्कसोडपत्राने उतरतात. सही करताना बहिणीला सांगितले जाते की माहेर तुटू नये. तिला साडी मिळते, कधी थोडे पैसे मिळतात, आणि सणाला बोलावणे येत राहते. भाऊ दर रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर असतो. त्याच्या पापनिवेदनात राग येतो, दारू येते, वाईट विचार येतात. हक्कसोडपत्र येत नाही, कारण ते त्याला पाप वाटतच नाही, ‘चालत आलेले’ वाटते. जक्कयालाही मक्ता असाच वाटू शकला असता.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीवर अर्पण ठेवताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणत नाही. तक्रार समोरच्याची, आणि चालत जायचे आपण. आपल्याकडे हे बरोबर उलटे झाले आहे. घरात ज्याने दुखावले तोच आधी ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणतो, आणि जिला लागले ती ते म्हणायला तयार नसेल तर तीच आडमुठी ठरते. मोठ्यांनी धाकट्यांची माफी मागणे तर आपल्या घरांत, मग ती कोणत्याही धर्माची असोत, अजून विचित्रच मानतात. नम्रता हा धाकट्यांनी, सुनांनी आणि कामवाल्या बाईने पाळायचा गुण आहे अशी आपली वाटणी झालेली आहे.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. बारा जण निवडले जातात आणि ते पाय घरून स्वच्छ धुऊन येतात. फादरांना मळके पाय धुवायला लावायचे कसे! 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन हा विधी केला आणि त्या बारांत मुली होत्या, मुसलमान होते, तेव्हा खुद्द चर्चमध्येच कुरकुर झाली. मला ती कृती आवडली होती. मात्र याच पोपच्या एका मोठ्या माफीबद्दल माझे मत इतके सरळ नाही.

25 जुलै 2022 रोजी पोप फ्रान्सिस कॅनडातल्या मास्कवासिस इथे गेले. तिथल्या आदिवासी मुलांसाठी सरकारने निवासी शाळा काढल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कॅथलिक संस्था चालवत होत्या. सुमारे 1.5 लाख मुले आईबापांपासून तोडून या शाळांत ठेवली गेली. भाषा बोलली म्हणून मार, केस कापणे, लैंगिक अत्याचार, उपासमार. कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. शेवटची शाळा बंद व्हायला 1990चे दशक उजाडले. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने 2015 मध्ये मागणी केली की पोपने वर्षाच्या आत कॅनडात येऊन माफी मागावी. पोप आले सात वर्षांनी, 85व्या वर्षी, चाकाच्या खुर्चीतून. त्यांनी माफी मागितली आणि तिथल्या वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले. ते अश्रू खोटे होते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पण माफीचे शब्द नीट ऐकले तर त्यांत चर्चमधल्या अनेक सदस्यांनी केलेल्या चुका होत्या. चर्चने संस्था म्हणून जे धोरण राबवले ते धूसर राहिले. आयोगाचे अध्यक्ष मरे सिन्क्लेअर यांनी हेच बोट ठेवले: हे काही वाट चुकलेल्या व्यक्तींचे काम नव्हते, संस्थेने ठरवून केलेले काम होते. ही पद्धत जुनी आहे. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये क्षमायाचनेचा मोठा विधी केला, तेव्हाही पाप होते ते चर्चच्या लेकरांचे; आई निष्कलंक राहिली. ज्या गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला छोटा खंड सोडला तर, इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे, न्यायालय चालले, तिथल्या माणसाला हा फरक फार बारीक वाटेल. न्यायालय लेकरांनी चालवले नव्हते, त्याला चर्चची आणि पोर्तुगीज राजाची मुद्रा होती. फ्रान्सिस यांच्या बाजूने एवढे सांगायला हवे की कॅनडाहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना त्यांनी या प्रकाराला वंशसंहार म्हटले आणि दुसऱ्या वर्षी व्हॅटिकनने, ‘शोधलेली’ भूमी ख्रिस्ती राजांची मानणारा जुना सिद्धांत नाकारला. शब्दांत ते पुढे सरकले होते.

पैशांत काय झाले? 2006 मध्ये पीडितांशी झालेल्या तडजोडीत कॅथलिक संस्थांनी एकूण 7.9 कोटी कॅनडियन डॉलरची जबाबदारी घेतली होती. त्यांतले 2.5 कोटी श्रद्धाळूंकडून देणग्या गोळा करून पीडितांसाठी द्यायचे होते. करारात शब्द होते ‘सर्वतोपरी प्रयत्न’ करू. सर्वतोपरी प्रयत्नांतून 40 लाखही जमले नाहीत. 2015 मध्ये न्यायालयाने या संस्थांना उरलेल्या रकमेतून मोकळे केले. याच काळात सास्काटून शहरात सुमारे 2.8 कोटी डॉलर खर्चून नवे कॅथेड्रल उभे राहिले होते. 2021 मध्ये, शाळांच्या आवारातल्या बेवारस थडग्यांवरून जगभर आरडाओरड झाल्यावर, कॅनडाच्या बिशपांनी पाच वर्षांत 3 कोटी डॉलर द्यायचे जाहीर केले. जक्कयाने कठोर कलम मागून घेतले. इथे चांगल्या वकिलांनी सौम्य कलम शोधून काढले, आणि मग पोपने येऊन माफी मागितली. मान झुकली, हिशेब मात्र वकिलांकडे राहिला.

याहून बरे उदाहरण जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाचे आहे. 1838 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइटांनी 272 गुलाम स्त्री-पुरुष-मुले सुमारे 1,15,000 डॉलरला लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशातून जॉर्जटाउन विद्यापीठ कर्जातून सावरले. 2017 मध्ये त्यांच्या वंशजांपुढे जाहीर माफी मागितली गेली, आणि 2021 मध्ये अमेरिकी जेझुइटांनी 10 कोटी डॉलर उभारायचे वचन दिले. ही चौपट नव्हे, त्याच्या जवळपासही नाही. वंशजांनी याच्या दसपट मागितले होते. तरी एक गोष्ट घडली: आकडा ठरवताना ज्यांचे पूर्वज विकले गेले ते टेबलाशी बसले होते.

कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांची कहाणी आपल्याला जवळची आहे. सप्टेंबर 2019 मध्ये ते अमृतसरला जालियनवाला बागेत आले आणि जमिनीवर पालथे पडून त्यांनी प्रार्थना केली. ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलता येत नाही, पण ख्रिस्ताच्या नावाने बोलू शकतो, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे ते छायाचित्र पुष्कळ फिरले. शंभर वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याने केलेल्या पापासाठी त्यांनी जमिनीला कपाळ टेकवले. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये मेकिन अहवाल आला. जॉन स्मिथ या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांतून शंभराहून अधिक मुलांवर आणि तरुणांवर अमानुष अत्याचार केले होते. 2013 मध्ये हे कानावर आल्यावर वेल्बींनी रीतसर पोलिसांत नेले असते तर स्मिथवर खटला उभा राहू शकला असता, असा अहवालाचा सूर होता. स्मिथ 2018 मध्ये शिक्षेविना मेला. वेल्बींनी आधी राजीनामा देणार नाही म्हटले, आणि मग दडपण वाढल्यावर दिला. डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी विनोद केले, कीव करायचीच तर माझ्या भेटी ठरवणाऱ्या चिटणीसाची करा म्हणाले, आणि सभागृह हसले. अत्याचार सोसलेल्यांना हे फार लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा माफी.

वेल्बी ढोंगी होते असे मला वाटत नाही. अमृतसरला ते मनापासूनच पडले असतील. अडचण अशी की दूरच्या पापापुढे लोटांगण घालणे तुलनेने सोपे असते; तिथे देणे कोणाचे आणि किती हे कोणी विचारणार नसते.

या सगळ्याला ख्रिस्ती माणसाचा एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. देवाची कृपा फुकट असते. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने बापाला काय परत केले? आपला वाटा उडवून आला, आणि बापाने त्याच्या अंगावर उत्तम झगा घातला, बोटात अंगठी घातली, पुष्ट वासरू कापले. माझ्यासारखा हिशेब मागणारा म्हणजे त्या दाखल्यातला कुरकुरणारा थोरला भाऊच.

थोरल्या भावाशी माझे थोडे साम्य आहे हे मी नाकारत नाही. पण दाखल्यात पैसा कोणाचा होता? बापाचा. ज्याचे बुडाले त्यानेच माफ केले, आणि तो अधिकार त्याचाच होता. शेजारच्या गावात मुलाने कोणाला लुबाडले असते तर त्याच्या वतीने माफी द्यायचा अधिकार या बापाला मिळाला नसता. आम्ही मात्र सतत दुसऱ्याचे कर्ज माफ करत असतो. फादर अत्याचारी निघाला की ‘त्याने पश्चात्ताप केला आहे’ असे बिशप सांगतात. क्षमा करायची ती ज्या मुलाने करायची, त्याला कोणी विचारलेलेही नसते. येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराचे उदाहरणही देतात. त्याच्याकडे परत करायला काही उरले नव्हते, खिळे ठोकलेले हात होते. तरी त्याने आधी काय कबूल केले? आपल्याला मिळते आहे ती शिक्षा न्याय्य आहे. क्षमा त्याने त्यानंतर मागितली, आणि तीसुद्धा उघड नाही. ‘माझी आठवण ठेव’ एवढेच म्हणाला.

उलट नुसते पैसे टाकून भागते असेही शास्त्र म्हणत नाही. येशूला पैसे घेऊन पकडून देणाऱ्या यहूदाने तीस नाणी परत केली. मुख्य याजकांपुढे त्याने स्पष्ट कबुली दिली, निर्दोष रक्त विकले म्हणाला. त्यांनी उत्तर दिले, ‘त्याचे आम्हांला काय? तुझे तू पाहा.’ यानंतर त्यांनी काळजी कसली केली तर रक्ताचे पैसे मंदिराच्या भांडारात टाकता येतात की नाही, याची. नियमात बसत नाही म्हणून कुंभाराचे शेत विकत घेतले. सौदा त्यांनीच केला होता, पैसे त्यांनीच मोजले होते, आणि आता हिशेबवही मात्र सोवळी ठेवायची होती. संस्था स्वतःला कशी वाचवते याचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता आपल्या घरचा, म्हणजे भारतातल्या चर्चचा प्रश्न. इथे हिशेब जातीचा आहे.

1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला; 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला. महाराष्ट्रातल्या नवबौद्धांना त्या 1990च्या दुरुस्तीची किंमत चांगली माहीत आहे. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. 1980च्या दशकात मद्रासच्या रस्त्यावर जोडे दुरुस्त करणारे सूसाई नावाचे एक ख्रिस्ती आदिद्रविड (दलित) सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने चांभारकाम करणाऱ्यांना टपऱ्या वाटल्या, शेजारच्या हिंदू कारागिरांना मिळाल्या, सूसाईंना धर्मामुळे मिळाली नाही. 1985 मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. कारण थोडक्यात असे: नव्या धर्मातही जातीची पीडा तितक्याच तीव्रतेने चालू आहे, हे पुराव्याने दाखवायला हवे. 2004च्या याचिकेपासून हा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आहे, रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये अनुकूल शिफारस केली, 2022 मध्ये सरकारने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला.

न्यायालयाला हवा होता तो पुरावा सर्वांत जास्त कोणाकडे आहे? चर्चकडेच. दफनभूमीत दलितांची बाजू वेगळी करणाऱ्या भिंती तामिळनाडूत उभ्या आहेत. सणाची मिरवणूक दलित वस्तीत शिरू न देणारी गावे आहेत. गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारियांवरून (मानकऱ्यांच्या मंडळांवरून), म्हणजे सणात मान कोणाचा आणि लाल ओपा-मुर्सा हा समारंभी पोशाख कोणी घालायचा यावरून, जातींची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालली. वसईत आम्ही कुपारी, वाडवळ, कोळी या ओळखी लग्न जुळवताना बरोबर बाहेर काढतो आणि मिस्सामध्ये ‘ख्रिस्तात आपण सर्व एक’ हे गातो. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले. त्याच कागदानुसार देशातल्या सुमारे 1.9 कोटी कॅथलिकांपैकी 1.2 कोटी दलित आहेत. पहिला दलित कार्डिनल मिळायला मात्र 2022 साल उजाडले: हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला.

दरवर्षी 10 ऑगस्टला, म्हणजे 1950च्या त्या आदेशाच्या तारखेला, चर्च काळा दिवस पाळते आणि सरकारकडे न्याय मागते. मागणी योग्य आहे. राज्यघटनेने धर्म पाहून हक्क वाटू नयेत. पण बिशप दिल्लीत सांगतात की धर्मांतराने जात गेली नाही, आणि आपल्याच धर्मप्रांतात ती कोणी चालू ठेवली हे सांगताना ‘काही ठिकाणी’, ‘काही घटक’, ‘दुर्दैवाने’ अशी भाषा येते. कॅनडाच्या माफीतल्या ‘सदस्यां’चीच ही भावंडे. 2016च्या धोरणाला मी कमी लेखत नाही, कबुलीची पहिली पायरी ती होतीच. मात्र तिच्यात चौपट नव्हती: अमुक भिंत अमुक तारखेपर्यंत पाडू, चर्चच्या शाळा-महाविद्यालयांत इतक्या जागा, फादर घडवणाऱ्या सेमिनरीत इतके दलित प्राध्यापक, आणि नाही झाले तर जाब विचारायला दलित विश्वासूंची समिती.

हे उघड बोलू नये म्हणणारे चर्चमध्ये आहेत आणि त्यांचे कारण भित्रेपणाचे नाही. आज ख्रिस्ती लोकांवर हल्ले होतात, प्रार्थनासभा उधळल्या जातात, धर्मांतराच्या कायद्यांखाली फादर आणि पाळक अटकेत जातात. अशा वेळी आपलीच जखम दाखवली तर समोरचे टाळ्या पिटतील: पाहा, यांच्यातही समता नाहीच. टाळ्या पिटल्या जातील, यात शंका नाही. मी हे लिहितो आहे याचाही तसा उपयोग होईल.

पण हीच भीती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, शब्दशः आलेली आहे. दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा नेली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. नाथान संदेष्टा राजवाड्यात येऊन एक गोष्ट सांगतो: श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे, गरिबाकडे एकच कोकरी, आणि श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापतो आणि निकाल देतो: त्याने चौपट भरून द्यावे. निर्गमातला तोच नियम, जक्कयाने पुढे स्वतःला लावून घेतला तो. नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. आणि पुढे हेही सांगतो की या कृत्याने तू परमेश्वराच्या शत्रूंना निंदा करायला निमित्त दिलेस. शत्रू हसतील हे नाथानला ठाऊक होते. पण म्हणून त्याने दाविदाला गप्प राहायला सांगितले नाही.

दाविदाच्या नावावर असलेल्या 51व्या स्तोत्रात एक ओळ मला नेहमी खटकते: तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले. देवाशी बोलताना ती ठीक असेल. पण उरीया कुठे गेला? हे स्तोत्र आम्ही प्रायश्चित्तकाळात गातो आणि आमच्या पश्चात्तापातूनही उरीया असाच गळतो. सुदैवाने शमुवेलाच्या पुस्तकाने त्याला गाळलेले नाही. उरीया हित्ती, परदेशी, नावानिशी आहे. त्याला मारायचे पत्र त्याच्याच हाती दिले होते हेही लिहून ठेवले आहे. त्याच बायबलमध्ये दाविदाच्या राज्याचा दुसरा इतिहास आहे. 1 इतिहासाच्या 20व्या अध्यायात उरीया ज्यात मारला गेला तो राब्बा शहराचा वेढा येतो, राजे लढाईला निघण्याचा तोच ऋतू येतो, दावीद यरुशलेमेत मागे राहिला हेही येते, आणि बथशेबा व उरीया यांच्याबद्दल त्या प्रसंगात एक शब्द नाही. पुढच्या ओळीत शहर पडते आणि राजाच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट चढतो.

बिशपांच्या परिषदेपुढे हे दोन्ही नमुने आहेत. दलित ख्रिस्ती याचिकाकर्त्यांना न्यायालयात उपयोगी पडेल असा कागद शमुवेलाच्या धाटणीचा असावा लागेल: कोणत्या गावच्या दफनभूमीत भिंत आहे, ती कोणाच्या काळात, कोणाच्या परवानगीने बांधली, कोणत्या फादरांनी ती पाडायला नकार दिला, आणि खाली त्या त्या धर्मप्रांताच्या बिशपची सही. असे प्रतिज्ञापत्र द्यायला रोमची परवानगी लागत नाही, सरकारचीही नाही. ते या प्रायश्चित्तकाळातही देता येईल.